ल्येन-चीचं पहिलं गिऱ्हाईक

बेटाच्या किनाऱ्यावरच्या शालुन गावात ल्येन-चीला सगळे आत्या म्हणतात. सख्खी भाचरं तिला फारशी नाहीत, पण जी बाई लग्न न करता गावात म्हातारी होते ती आपोआप सगळ्यांची आत्या होते, त्याला वेगळं कर्तृत्व लागत नाही. मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं केस धुण्याचं दुकान आहे. दोन खुर्च्या, केस वाळवायचं गरम हवेचं एक टोपडं, आणि भिंतीवर एका नटीचा फोटो, जी आता स्वतःच आजी झाली आहे. कालवं फोडून हात खरखरीत झालेल्या बायका तिथे येतात, मान मागे टाकतात आणि जीभ मोकळी सोडतात. गावात कोणाच्या पोटात काय दुखतंय ते देवाच्या आधी आत्याला कळतं, असं लोक म्हणतात. निदान आत्या तरी म्हणते.

पण तिचं खरं वेड निराळं होतं. तिला एका मेलेल्या माणसाचं नाव हवं होतं.

हा माणूस गावात आला तो पाण्यावरून. आत्या तेव्हा विशीत होती, शहरातून केस कापायचं शिकून नुकती परतली होती, दुकानाला अजून पाटीही लागायची होती. एका सकाळी कालवं वाढवायला समुद्रात रोवलेल्या बांबूंना एक तरुण अडकलेला सापडला. समुद्रात प्रेत दिसलं तर आमच्याकडे तोंड फिरवून जात नाहीत. त्याला भाऊ म्हणायचं, किनाऱ्यावर आणायचं, मग तो भाऊ पुढे जाळी भरतो. तसं त्याला आणलं. पोलिसांनी लिहून घेतलं: पुरुष, वय वीस ते तीस, ओळख नाही, गळ्यात लाल कापडाचा ताईत. विचारायला कोणी आलं नाही. पुरायच्या वेळी कोणीतरी म्हणालं, केस तरी विंचरा, असा कसा पाठवायचा? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तेव्हा ल्येन-चीचा चुलतभाऊ हुओ-थू पुढे झाला.

"आमची ल्येन-ची शिकून आलीय ना शहरातून. एवढा खर्च केलाय काकाने. होऊन जाऊ दे."

ल्येन-चीने कंगवा काढला. तिने केसांतली वाळू काढली, कानामागचे केस कापले, डावीकडे भांग पाडला. शहरातल्या बाईंनी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाशी बोलत राहावं, म्हणून ती बोलत राहिली. पाणी फार गार नाही ना? मागून अजून कमी करू? त्याच्या छातीवर तो ताईत होता, देवळातली राख घालून शिवतात तसला. पण ताइताच्या तोंडाला दोऱ्याची गाठ नव्हती, शर्टाचं बटण होतं. तिच्या दुकानाचं हे पहिलं गिऱ्हाईक. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, असं तिला वाटत राहिलं. विचारून तो सांगणार नव्हता हे तिलाही कळत होतं, पण रुखरुख काही जाईना.

पुढे रीतीप्रमाणे त्याची हाडं उकरून काढून मडक्यात भरली आणि वर पत्र्याचं खोपटं उभं केलं. मग आकड्यांचं खूळ आलं. सगळं बेट आकडे लावत होतं, लोक आकडा मिळावा म्हणून थडग्यांवर जाऊन झोपत होते. ज्या देवाचा आकडा लागला नाही त्याची मुंडी उडवून नदीत फेकत होते, इतकी श्रद्धा. शालुनच्या भावाच्या नशिबाने हुओ-थूला उदबत्तीच्या राखेत एक आकडा दिसला, गावाने लावला आणि तो लागला. झालं. वाहत आलेल्या भावाचे वाहते महाराज झाले. पत्रा गेला, कौलं आली. मूर्ती आली: छातीवर रुळणारी दाढी, चिलखत, तलवार. मूर्तीत जीव यावा म्हणून तिच्या पाठीत पोकळी करून तो ताईत आत ठेवला आणि लाखेने तोंड बंद केलं. दाराशी दगडी पाटी बसली की महाराज हे जुन्या राजवटीतले आरमाराचे सेनापती होते. ज्या पोराच्या हनुवटीवर जेमतेम लव होती त्याला असा हुद्दा मिळालेला पाहून आत्याला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"पण याचं नाव काय, हे कोणी शोधलंय का?" तिने विचारलं.

हुओ-थू एव्हाना देवळाच्या समितीचा अध्यक्ष झाला होता. "नाव कशाला हवंय तुला?" तो म्हणाला. "नाववाले देव मोठ्यांचे. ते आपल्यासारख्यांचं ऐकतात कधी? ज्याला कोणी नाही तोच आपलं ऐकतो. नाव कळलं की घरचे येणार, घरचे आले की हाडं नेणार. मग आम्ही काय रिकाम्या मखरापुढे नैवेद्याच्या सिगरेटी पेटवायच्या?"

"त्याची आई कुठेतरी वाट बघत असेल, दादा."

"तू आधी तुझं बघ. तू गेल्यावर तुझी पाटी कुणाच्या देव्हाऱ्यात ठेवायची ते ठरव, मग दुसऱ्याच्या आईचं बघू."

मेलेल्याच्या नावाची लाकडी पाटी घरच्या देव्हाऱ्यात पुजतात, पण बिनलग्नाच्या मुलीची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. कुठल्यातरी देवळात पैसे भरून कोपरा घ्यावा लागतो. हे गावातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. हुओ-थू हे हसतच म्हणाला, तो असलं सगळं हसतच म्हणतो. आत्याने त्या दिवशी त्याच्या बायकोचे केस जरा जोरात चोळले.

हट्ट मात्र सोडला नाही. वाहते महाराज घरी जायला हवेत, नावासकट, आणि ते आपल्या हातापायांत जोर आहे तोवर, एवढंच तिला हवं होतं. हातात स्मार्टफोन आला तशी ती फोनवरच्या एका मंडळात शिरली. बेवारस प्रेतांच्या पोलिसी याद्या आणि हरवलेल्या माणसांच्या याद्या जुळवत बसणारी निवृत्त माणसं बेटभर पसरलेली आहेत, त्यांचं हे मंडळ. प्रमुख थायचुंगचे शिह सर, बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्यामुळे त्यांना माणसाच्या तळाशी काय आहे ते दिसतं, असा त्यांचा समज होता. आत्याचा माणूस हा समुद्रापलीकडचा हेर होता, हे त्यांनी तिच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं आणि पुढची वर्षं त्याला पुरावे गोळा करण्यात घालवली. किनाऱ्यावरच्या देवळांना त्यांनी पत्रं पाठवली की तुमच्याकडे ताइताचं तोंड कसं बंद करतात. देवळांनी उलट टपाली देणगीची पावतीपुस्तकं पाठवली.

शिह सरांचा एक नियम कडक होता. एक खूण कायम गुप्त ठेवायची, म्हणजे खोटे नातेवाईक पकडता येतात. आत्याची गुप्त खूण म्हणजे बटण. खोटे नातेवाईक कधी फिरकले नाहीत, खरेही नाहीत, पण आत्याने बटणाबद्दल शिह सरांखेरीज कोणाजवळ ब्र काढला नाही. ज्या बाईच्या पोटात कोणाच्या सुनेचं गुपितही राहिलं नाही तिने हे एवढं सांभाळलं.

मध्येच तिने सरळ वाटही धरली. त्यालाच विचारलं. कौल लावायची दोन लाकडं असतात, अर्ध्या चंद्रासारखी. एक पालथं, एक उताणं पडलं तर हो. दोन्ही पालथी पडली तर नाही. दोन्ही उताणी पडली तर देव हसला. आत्या मूर्तीपुढे बसून आडनावं घेत सुटली. तू चेन का? हसला. लिन का? हसला. हुआंग? हसला. शेवटी तीच वैतागली. "हसायला काय झालं? घरी जायचंय का इथेच मरायचंय?" असं ती देवाला म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने घाईघाईने एक सिगरेट पेटवून त्याच्यापुढे ठेवली.

आता बोंग-ची आजीबद्दल सांगायला हवं. थंडीत कालवं भरली की दरवर्षी दक्षिणेच्या बसने ही म्हातारी यायची. नकोशा मुलींना त्या काळी हेच नाव ठेवत, बोंग-ची, म्हणजे झालीच आहे तर वाढवा. बसमधून उतरली की ती थेट आत्याच्या दुकानात यायची, कारण पारोशा डोक्याने देवापुढे जाऊ नये. केस धुवून झाले की वाहत्या महाराजांकडे.

"तुमच्या गावात देव नाहीत का, आजी? एवढ्या लांब यायचं ते?"

"आहेत की. ते फार गंभीर असतात. हा हसतो."

"मुलगा काय करतो तुमचा?"

"बोटीवर असतो. परदेशात. मोठी बोट आहे."

"पैसे पाठवतो ना?"

"पाठवतो तर. नको म्हटलं तरी पाठवतो."

आजीचा तपकिरी कोट दरवर्षी तोच असायचा आणि त्याला दरवर्षी एक नवं ठिगळ असायचं. नुसती मान चोळून सासू-सुनेचं भांडण ओळखणाऱ्या आत्याला हे दिसलं नाही. ती आपली डोकं चोळता चोळता आजीला आपल्या तपासाच्या गोष्टी सांगायची: पाण्यावरून आलेला पोरगा, हेराची शंका, देवळांची पत्रं. फक्त बटण सोडून. आजी तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायची. साबण जातो म्हणून मिटते, असं आत्याला वाटायचं. "बिचारा," आजी म्हणायची, आणि विषय बदलायची.

गेल्या थंडीत आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया ठरली होती. आजी आली ती नेहमीपेक्षा वाकलेली. खुर्चीत बसायच्या आधी तिने कोटाच्या खिशातून काहीतरी काढून आत्याच्या हातात ठेवलं.

"हे घाल गळ्यात. डोळ्याला सुरी लागणार, रिकाम्या गळ्याने जाऊ नकोस."

आत्याला दिसलं ते नुसतं लाल काहीतरी. ताईत असणार. तिची बोटं सवयीने त्याच्या तोंडाशी गेली, आणि तिथे गाठ नव्हती.

"आजी, हे बटण?"

"गाठ सुटते गं. राख देवळातली, पण पिशवी मीच शिवते. आमच्या मू-शेंगने लहान असताना गाठ सोडून राख खाल्ली होती, घरभर धिंगाणा. तेव्हापासून मी बटण लावते. त्याच्या बापाच्या जुन्या शर्टाचं."

आत्याच्या हातातली पाण्याची नळी वाकडी झाली आणि आजीच्या कॉलरमध्ये पाणी गेलं. 

"मू-शेंगलाही असाच दिला होता?" आत्याने आवाज सरळ ठेवून विचारलं.

"त्याच्या गळ्यातच असायचा. बापाशी भांडून निघाला ना, घरातलं काही न घेता निघाला. म्हणाला बोटीवर काम मिळेल. ताईत तेवढा राहू दिला."

"मग शेवटचा कधी आला होता घरी?"

 "येईल की," आजी म्हणाली. "बोटीवरच्या माणसाला सुट्टी कुठे मिळते?"

पस्तीस वर्षं शोधलेलं नाव आत्याच्या हातांत होतं, साबणाने माखलेलं. तिला वाटलं होतं, नाव मिळेल तेव्हा ती ओरडेल, नाचेल, शिह सरांना फोन करेल. प्रत्यक्षात तिने आजीचे केस पुन्हा एकदा धुतले, गरज नसताना. मग असे सेट केले की जणू आजीचं लग्न आहे.

आजी देवळाकडे गेल्यावर तिने शिह सरांना कळवलं. उत्तर लगेच आलं: बटण आमच्या निष्कर्षाशी जुळत नाही, घाई करू नये. मग तिने हुओ-थूला फोन लावला. तो पहिल्यांदाच हसला नाही.

"सांगितलंस का तिला?"

"नाही अजून."

"सांगू नकोस. तिचा मुलगा बोटीवर आहे, त्याला बोटीवर राहू दे. आपला देव देवळात आहे, त्याला देवळात राहू दे. कोणाचं काय बिघडलंय, ल्येन-ची?"

त्या मेल्या हुओ-थूचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच तर संताप होता. म्हातारी आज ना उद्या जाणार, ती मुलगा जिवंत आहे असं समजून जाईल, यात काय वाईट? आत्या खुर्चीत बसली, स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकासारखी, आणि तिने ठरवलं की गप्प बसायचं. एवढी वर्षं नाव नव्हतं म्हणून जीव टांगणीला होता. आता नाव मिळालं तर ते गिळून टाकायचं. बरं आहे.

उठताना तिला दिसलं की आजी संत्र्यांची पिशवी विसरून गेली आहे. ती पिशवी घेऊन निघाली.

देवळात त्या वेळी कोणी नव्हतं. आजी मूर्तीपुढे गुडघ्यांवर होती, कपाळ जमिनीला टेकलेलं. मग उठून तिने कौल टाकला. लाकडं खडखडली आणि दोन्ही उताणी पडली.

"बघ, हसला," आजी म्हणाली. पावलांवरूनच तिने आत्याला ओळखलं होतं. "दरवर्षी विचारते, माझा मुलगा कुठे आहे? दरवर्षी हसतो. वाईट काही असतं तर हसला असता का?"

आणि तिने पुन्हा कपाळ टेकलं.

आत्याच्या थोरल्या काकांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा काका शवपेटीपुढे वाकायला निघाले होते. चार माणसांनी त्यांना धरून सरळ उभं केलं होतं. आईबाप मेलेल्या लेकरापुढे गुडघे टेकत नाहीत. टेकले तर तिकडे लेकराला ते ओझं पेलत नाही. आणि ही बाई दर थंडीत बसने येऊन, केस धुवून, या फरशीवर डोकं टेकत होती. आत्याला ते बघवेना. गप्प बसायचं ठरलं होतं, ते तिथेच संपलं.

"आजी, उठा."

"थांब गं. एक नमस्कार राहिलाय."

"नका करू. त्याच्यापुढे गुडघे टेकू नका. तुम्ही टेकायचे नसतात."

आजीचे हात जमिनीवर होते तिथेच राहिले. कोणी कोणापुढे गुडघे टेकायचे नसतात हे तिच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. मग ती उदबत्तीच्या मेजाला धरून हळूहळू उभी झाली. आत्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. त्या चिलखतवाल्या, लाल तोंडाच्या सेनापतीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"दाढी कोणी लावली त्याला?" तिने विचारलं.

"समितीने."

"त्याला दाढी यायचीच नाही," आजी म्हणाली, आणि मग तिचा चेहरा मोडला.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलिसांनी आजीच्या गालाच्या आतून नमुना घेतला, मडक्यातल्या हाडाशी जुळवला. जुळला. शिह सरांनी मंडळाच्या शास्त्रीय पद्धतीबद्दल वर्तमानपत्राला मुलाखत दिली. अडून बसला तो हुओ-थू. त्याने समितीसमोर महाराजांनाच कौल लावला: इथेच राहायचंय ना? दोन्ही पालथी, नाही. त्याने जागा बदलून टाकला, नाही. महाराजांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून ध्वनिक्षेपक लावून विचारलं, नाही. मग मागून एका म्हाताऱ्या मासेमाराने दम दिला, "जाऊ दे की आता त्याला, किती वापरशील?" तेव्हा कुठे अध्यक्षांनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी सगळं गाव जमलं. पुरोहिताने आजीच्या हातात काठी दिली. आधी गेलेल्या लेकराला आईने मारायचं असतं, नाही मारलं तर पुढे निघून गेल्याचा दोष त्याच्या माथ्यावर राहतो. आजी म्हणाली, मला नाही जमणार. पुरोहित म्हणाला, त्याच्यासाठी जमवा. तिने मडक्याला काठी नुसती लावली. मग पुन्हा एकदा, जरा जोरात.

"मी विचारत होते कुठे आहेस," ती म्हणाली, "आणि तू हसत होतास होय रे, मेल्या?"

तिसरा फटका असा बसला की झाकण हललं. काठी टाकून ती मडक्याला मिठी मारून रडली. आत्याही रडली, बायका रडल्या, हुओ-थूसुद्धा नाक पुसत होता. आणि तेवढ्यात मागच्या गर्दीतून कुजबूज पुढे सरकत आली: तीन. तीन मारले. गाडी निघायच्या आत सगळ्या शालुनने तीनचा आकडा लावला होता.

गाडीत आजी मडकं मांडीवर घेऊन बसली, आत्या शेजारी, मेलेल्यावर उजेड पडू नये म्हणून काळी छत्री धरून. पूल आला की मेलेल्याला सांगावं लागतं, नाहीतर तो अलीकडेच राहतो. प्रत्येक पुलावर आजी वाकून सांगायची, "मू-शेंग, पूल आलाय, माझ्या मागे ये." मधल्या वेळात ती आत्याला विचारत होती.

"कसा दिसत होता?"

"केस दाट होते. मी कानामागे कापले आणि डावीकडे भांग पाडला."

"उजवीकडे पाडायचा तो."

"मला काय माहीत? बोलला नाही."

"बोलायचाच नाही तो," आजी म्हणाली. "सगळं बापावर गेलं होतं."

कितीतरी दिवसांची जागरणं होती. गावाच्या अलीकडे झोपेत आजीची मान आत्याच्या खांद्यावर पडली, ओठ किंचित उघडे. पुढे शेवटचा पूल दिसत होता, पलीकडे आजीचं गाव. आत्याच्या फोनवर हुओ-थूचा निरोप आला: तीन आला नाही, काय चुकलं ते विचारून ठेव. तिने फोन पिशवीत टाकला. आजीला उठवावं की नाही, ते तिला ठरवता येईना. गाडी चढणीला लागली.

आत्याने छत्री सावरली आणि मडक्याकडे वाकली. गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात ती हळूच म्हणाली, "मू-शेंग. पूल आलाय बाबा. पलीकडे घर आहे."